हायवेला थंड, शेतात गरम

प्रश्न: दादा, माझी जुनी फोर बाय फोर अक्कलकोट रोडला मस्त पळते पण नांगरटीत लो गिअरला टाकली की टेंपरेचरचा काटा लगेच वर, कुलंट फुल आहे, काय बघू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: आधी हवेचं बघा भाऊ, हळू चालताना वारा फक्त फॅनच देतो. फॅन क्लच, म्हणजे इंजिनच्या जोरावर फॅन फिरवणारा जोड, ढिला पडला असेल नाहीतर रेडिएटरच्या जाळीत आपली काळी माती बसली असेल, ती इंजिनच्या बाजूनं बाहेर कमी प्रेशरनं धुवा, जोरात मारलं की फिन्स, म्हणजे जाळीतल्या पातळ पट्ट्या, वाकतात. मे मध्ये आपल्याकडं पारा ४० च्या वर, तेव्हा नुसतं पाणी नको, कुलंट न् डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. आणि हात जोडून सांगतो, गरम इंजिनवर रेडिएटरची कॅप उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.