मुलीला लॅपटॉप घ्यायचाय, सरकारचे नवे नियम आणि नवीन मॉडेल येईपर्यंत थांबू का?

तुम्ही लिहिलंय की मुलीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सुरू होतंय, घरात कोणी म्हणतं जीएसटी कमी होणार, कोणी म्हणतं बाहेरच्या लॅपटॉपवर बंदी येणार, आणि खुद्द मुलगीच म्हणते नवीन प्रोसेसर येतोय तर थांबू. मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरला असतो, त्यामुळे हे तिन्ही प्रश्न ऐकून कान किटलेत. तुम्हाला उत्तर एवढंच की आत्ता लागतोय तर आत्ता घ्या. पण सरसकट सगळ्या वस्तूंना हे लागू नाही, कधीकधी थांबण्यात खरंच पैसे वाचतात.

वाचतात ते टॅक्समध्ये. २०२५ ला १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करू असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक यायचं, भाव विचारायचं, मॉडेलचा फोटो काढायचं आणि "बघू" म्हणून जायचं. २७ ऑगस्टला गणपती, एरवी या दिवसांत टीव्ही हातोहात जातो, आम्ही माश्या मारत बसलेलो. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने ठरवलं आणि २२ सप्टेंबरला, नेमकं घटस्थापनेला, एसी आणि ३२ इंचाच्या वरचे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ वर आले. टॅक्स सोडून ३५,००० चा एसी आधी ४४,८०० ला पडायचा तो ४१,३०० ला पडायला लागला, म्हणजे थांबले त्यांचे सरळ साडेतीन हजार वाचले.

गंमत अशी की लॅपटॉपवालेपण थांबले होते! लॅपटॉप आणि मोबाइल आधीपासून १८ टक्क्यांतच आहेत, तिथे काडीचा फरक पडला नाही. उलट त्या वर्षाच्या शेवटाला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली, रॅमचे भाव भडकले आणि लॅपटॉप महागायला लागले. म्हणजे बातमी जीएसटीची होती हे खरं, पण आपली वस्तू त्यात आहे का हे कोणी बघितलंच नाही. आणि टॅक्स काय खालीच येतो असं थोडीच आहे, मोबाइलचा १ एप्रिल २०२० पासून १२ चा १८ झाला, निर्णय झाला १४ मार्चला, मध्ये लॉकडाऊन लागलं, जुन्या भावात घ्यायचं म्हटलं तरी दुकानं बंद.

आता बंदीची भीती. ३ ऑगस्ट २०२३ ला डीजीएफटीने, म्हणजे आयात-निर्यात बघणाऱ्या सरकारी खात्याने, एक नोटिफिकेशन काढलं की लॅपटॉप, टॅबलेट, ऑल-इन-वन कॉम्प्युटर वगैरे आयात करायला लायसन्स लागणार, तेही लगेच, आजपासून. व्हॉट्सअ‍ॅपवर "लॅपटॉप बंद होणार" सुरू झालं आणि ज्यांना दिवाळीला घ्यायचा होता तेसुद्धा धावत आले, जे मॉडेल शिल्लक असेल ते दाखवा म्हणाले, डिस्काउंट मागायचंही विसरले. दुसऱ्याच दिवशी सरकारने ३१ ऑक्टोबरपर्यंत सूट दिली आणि ऑक्टोबरमध्ये लायसन्सच्या जागी ऑनलाइन परवानगीची व्यवस्था आणली, जी कंपन्यांनी घेतली आणि माल येत राहिला. आमच्याकडे तरी त्या दिवाळीला लॅपटॉप नाही म्हणून कोणी परत गेलं नाही. अशा नियमाची कटकट कंपनी आणि इम्पोर्टरला असते, त्यांचा माल गोदामात आधीच पडलेला असतो, आपण घाबरून पळायचं काही कारण नाही. बाय द वे, त्या नोटिफिकेशनमध्येही प्रवाशाच्या सामानातून येणाऱ्या लॅपटॉपला सूट होतीच, हे ओरडणाऱ्या एकानेही वाचलं नव्हतं.

तिसरा प्रकार परवानगीचा, म्हणजे वस्तू जगभर मिळते आणि इथे येतच नाही. गूगलचा पिक्सेल ४ हा २०१९ चा फोन भारतात आलाच नाही कारण त्यात हाताच्या इशाऱ्यावर चालणारं रडार होतं आणि ते ज्या ६० गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतं त्यांची इथे परवानगी नव्हती. पीएस५ प्रो हे गेम खेळायचं यंत्र ७ नोव्हेंबर २०२४ ला बाहेर विकायला लागलं तेव्हा सोनीने भारताला वगळलं, कारण त्याच्या वायफाय ७ ला ६ गिगाहर्ट्झचा पट्टा लागतो आणि तो आपल्याकडे खुला नव्हता. इथे "पुढच्या महिन्यात येईल" म्हणून थांबण्यात अर्थ नसतो, सरकार कधी पट्टा खुला करेल याची तारीख दुकानदाराकडे नसते आणि कंपनीकडेही नसते.

नियमाची तारीख आणि माल बाजारात यायची तारीख एक नसते हेही लक्षात ठेवा. युरोपने मोबाइलला टाइप-सी पोर्ट सक्तीचं केलं ते २८ डिसेंबर २०२४ पासून, पण आयफोन १५ सप्टेंबर २०२३ मध्येच सी पोर्ट घेऊन आला आणि कायदा युरोपचा असला तरी पोर्ट आपल्यालाही मिळालं. त्याच दिवाळीत आयफोन १४ वर ऑफर बघून लोक तुटून पडले, स्वस्त का मिळतोय हे एकाने विचारलं नाही. ऑफर वाईट नव्हती, फक्त त्याचं पोर्ट जुनं लाइटनिंग आहे आणि घरातल्या टाइप-सीच्या वायरी त्याला चालणार नाहीत हे आधी माहीत असायला हवं.

एसी घेणार असाल कधी तर एक गोष्ट डोळ्याने बघा. स्टारच्या लेबलवर बारीक अक्षरात लेबल पिरियड छापलेला असतो. १ जानेवारी २०२६ पासून स्टारचे निकष कडक झाले, त्यामुळे जुन्या लेबलवरचा फाइव्ह स्टार आणि नव्या लेबलवरचा फाइव्ह स्टार सारखे नाहीत, आणि जुना माल दुकानात काही काळ असतोच (आमच्याकडेही होता, लपवून काय उपयोग). स्टार मोजू नका, खाली आयसीर नावाचा आकडा (विजेच्या मानाने गारवा किती, जास्त तेवढा चांगला) आणि वर्षाला किती युनिट ते लिहिलेलं असतं, तेच दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून बघा, सेल्समन गप्प बसतो.

राहिला नवीन प्रोसेसर. इंटेल, एएमडी जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात नवीन चिप दाखवतात, त्या लॅपटॉपमध्ये बसून आपल्याकडे परवडणाऱ्या किमतीत यायला बरेच महिने जातात, सुरुवातीला येतात ती महागडी मॉडेलं. पहिल्या वर्षाला कोडिंग आणि थोडं कॅड (कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग), त्याला मागच्या पिढीचा प्रोसेसर भरपूर झाला, तेवढे पैसे १६ जीबी रॅमवर घाला आणि रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे का ते विचारा, कारण बोर्डवर चिकटवलेली रॅम नंतर वाढवता येत नाही. बॉक्सवरच्या स्टिकरवर आयात किंवा उत्पादनाचा महिना-वर्ष असतं, दीड-दोन वर्षं जुना निघाला तर तिथेच भाव पाडून मागा, दुकानदाराला तो काढायचाच असतो. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर टाकून घ्या, वॉरंटीसाठी गेलात की पहिल्यांदा तेच मागतात.