ऑर्केस्ट्रात वाजवण्यासाठी पहिला कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा घ्यावा की ८८?

६१ पट्ट्यांचाच घ्या, आणि तोही घरगुती अरेंजर (ताल आणि साथ आपोआप वाजवणारा कीबोर्ड) न घेता स्टेजसाठीचा सिंथेसायझर. ऑर्केस्ट्रात डावीकडचा खर्ज बेस गिटार सांभाळते. तुमच्याकडे स्ट्रिंग्ज, बासरी, ब्रास, मधले म्युझिक पीस येतात, आणि त्याला पाच सप्तकं पुरतात. वजनाचा फरक तर प्रचंड आहे: रोलँडचा जुनो डीएस ६१ साधारण ५ किलोचा, त्याचाच ८८ पट्ट्यांचा भाऊ १६ किलोचा. रात्री कार्यक्रम संपल्यावर तो टेम्पोत चढवायचा तुम्हालाच असतो.

दुकानात नुसते आवाज ऐकून ठरवू नका. हे करून बघा: सूर दाबून धरलेला असताना टोन (वाद्याचा आवाज) बदला, आवाज तुटतो का ते ऐका. गायकाने ऐन वेळी काळी दोनऐवजी काळी एक पट्टी मागितली तर ट्रान्सपोझ (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवण्याची सोय) उणे दोन करायला किती बटणं दाबावी लागतात? मींडेसाठी पिच बेंड (वाजता सूर वर-खाली सरकवणारा दांडा किंवा चाक) हवाच. स्टेजच्या मॉडेलांना सहसा स्पीकर नसतो, त्यामुळे डीआय बॉक्सचे (कीबोर्ड साउंड सिस्टीमला जोडणाऱ्या डबीचे) पैसे आधीच बाजूला ठेवा.

मात्र एकट्या पियानोवर गाण्याला साथ करणार असाल, तर पियानोसारख्या दाबायला जड असलेल्या ८८ पट्ट्यांना पर्याय नाही.