जुनी कार्बोरेटरवाली मोटरसायकल घरीच सांभाळायची आहे. इंजिनाच्या देखभालीची सुरुवात कुठून करू?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: ऑइल कोणतं टाकू, स्लोला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) गाडी बंद पडते म्हणून कार्बोरेटर कसा साफ करू, आणि टॅपेटची (व्हॉल्व्हवरची फट जुळवायच्या स्क्रूची) टिकटिक पूर्ण बंद कशी करू. पहिल्या दोन गोष्टी शेवटी बघू. तिसरीबद्दल आत्ताच कळकळीने सांगतो: ती टिकटिक पूर्ण बंद करू नका. 'आवाज नाही म्हणजे इंजिन चांगलं' या समजुतीपायी चांगले व्हॉल्व्ह जळून जातात, आणि हे मी जाणत्या माणसांशीही भांडून सांगत आलो आहे.

इंजिन तापलं की व्हॉल्व्हची, म्हणजे इंजिनात मिश्रण आत घेणाऱ्या (इनटेक) आणि जळका गॅस बाहेर सोडणाऱ्या (एक्झॉस्ट) झडपेची, दांडी लांबते. रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा दांडा) आणि ही दांडी यांच्यातली फट त्या वाढीसाठीच ठेवलेली असते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो, म्हणून बऱ्याच इंजिनांत त्याची फट इनटेकपेक्षा मोठी सांगितलेली असते. ही फटच काढून टाकली तर गरम इंजिनात व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पुरता बसत नाही. व्हॉल्व्हमधली बहुतेक उष्णता तो बंद असताना सीटमधून हेडमध्ये जाते. तो सीटला नीट टेकलाच नाही तर थंड व्हायची वाटच बंद होते, आणि उरलेल्या बारीक फटीतून सुटणारा जळता गॅस त्याची कड खात राहतो.

याची लक्षणं फसवी असतात. टॅपेट घट्ट करून 'शांत' केलेल्या एका १०० सीसी गाडीत ती एकामागून एक अशी आली. थंड असताना एका किकमध्ये चालू, पण गरम झाल्यावर किक मारून पाय दुखले तरी चालू नाही. मग स्लो उतरला, म्हणून स्लोचा स्क्रू आत फिरवला. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच, म्हणून कार्बोरेटर उघडला, जेट बदलला. नंतर प्लग, मग कॉइल. शेवटी 'रिंगा गेल्या, बोअर करा' असा निकाल लागला. हेड उतरवलं तेव्हा बोअर आणि पिस्टन ठीक होते, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला मात्र खाच पडलेली होती. सुरुवातीला फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) एक पट्टी घातली असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. इनटेक घट्ट असेल तर कार्बोरेटरमधून उलटं 'फट्' वाजतं, आणि तिथेही दोष कार्बोरेटरवरच जातो.

म्हणून स्लोची तक्रार असली तरी तुमचा क्रम असा हवा: आधी टॅपेट, मग प्लग आणि एअर फिल्टर, कार्बोरेटर सर्वांत शेवटी. कॉम्प्रेशनच (सिलिंडरमधला दाब) गळत असेल तर कार्बोरेटर कितीही जुळवला तरी जुळणार नाही.

आता काम. गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झालेली हवी. प्लग काढून ठेवा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. टॅपेटची दोन्ही झाकणं आणि मॅग्नेट कव्हरवरच्या (क्रँकच्या टोकावरच्या झाकणावरच्या) दोन्ही टोप्या काढा. मधल्या भोकातून क्रँकच्या नटाला सॉकेट लावा आणि इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवा. बऱ्याच गाड्यांत डावीकडून पाहिलं तर ती दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते. लहान खिडकीत 'टी' ही खूण खाचेसमोर आणा. जवळच 'एफ' असते, ती इग्निशनच्या टायमिंगची. तिच्यावर टॅपेट लावू नका. 'टी' जुळली की दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघा. दोन्हींत किंचित खेळ असेल तर पिस्टन कॉम्प्रेशनला वर आहे, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत. एखादा दबलेला वाटला तर क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा देऊन पुन्हा 'टी' जुळवा. ही तपासणी चुकली तर पुढचं सगळं काम चुकीच्या ठिकाणी होतं. मात्र टॅपेट आधीच फार घट्ट असतील तर बरोबर जागीही खेळ जाणवत नाही. तेव्हा दोन्ही लॉकनट सैल करून स्क्रू थोडे मागे घ्या आणि मग ठरवा.

फट किती, हे त्याच मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्या. लहान एअरकूल्ड इंजिनांत हा आकडा साधारण ०.०५ ते ०.१० मिमी असतो. समजा ०.०८ सांगितली आहे. तर ०.०८ची पट्टी बंद पुस्तकातून पान ओढावं तशी हलकी अडत सरकली पाहिजे आणि ०.१०ची आत जाता कामा नये. लॉकनट आवळताना मधला स्क्रूही बरोबर फिरतो, म्हणून तो टॅपेटच्या चावीने धरून ठेवा आणि नट आवळल्यावर पुन्हा मोजा. मग इंजिन दोन फेरे फिरवून परत 'टी'वर आणा आणि आणखी एकदा मोजा. नट जोर लावून आवळू नका, बारीक आटे चटकन जातात. झाकणाची ओ-रिंग चपटी झाली असेल तर नवी घाला, नाहीतर ऑइल झिरपत राहील.

फट बरोबर लावूनही आवाज मोठा येत असेल तर रॉकरचं टोक पाहा. तिथे खळगा पडला असेल तर सपाट पट्टी खळग्यावरून पूल टाकल्यासारखी जाते आणि खरी फट मोजलेल्यापेक्षा मोठी राहते. इलाज रॉकर बदलणं हाच. स्क्रू आणखी आवळून आवाज दाबू नका.

स्क्रू हलवण्याआधी सापडलेली फट दरवेळी वहीत लिहा. रॉकर आणि कॅम झिजले की फट वाढते, पण व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतू लागला की ती कमी होते. जुनी गाडी आपोआप शांत होत चालली असेल तर खूश होऊ नका, आधी एक्झॉस्टची फट मोजा.

प्लग काढलाच आहे तर त्याचा रंग बघा. फिकट तपकिरी चांगला. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा फिल्टर तुंबलेला, ओला तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. परत बसवताना आधी हाताने फिरवा, पाना नंतर. नवा प्लग वॉशर टेकल्यावर साधारण अर्धा फेरा, जुनाच असेल तर अगदी किंचित.

ऑइलची ग्रेड पुस्तिकेतलीच. क्लच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) बघून घ्या. कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो. इंजिन कोमट असताना ऑइल काढा, ड्रेन बोल्टचा वॉशर बदला. जास्त ऑइल भरलं तर ते ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जातं.

हेही सांगायला हवं: वरचं सगळं स्क्रू आणि लॉकनटवाल्या टॅपेटबद्दल आहे. शिमवाल्या (फट जुळवायला ठराविक जाडीची चकती असलेल्या) इंजिनात स्क्रू नसतोच, तिथे मोजून शिम बदलावी लागते. ते पहिल्याच वेळी करू नका. जुन्या बुलेटच्या पुशरॉड (खालून रॉकरला ढकलणारी लांब सळई) इंजिनात पद्धतच वेगळी: थंड असताना पुशरॉड बोटांनी मोकळा फिरावा, पण वर-खाली खेळ नसावा. आणि आवाज टिकटिक नसून खालून येणारा जड ठोका असेल तर टॅपेटला हात लावू नका. तो क्रँकच्या बेअरिंगचा असू शकतो, गाडी तिथेच बंद करा.

हे सगळं करूनही स्लो टिकत नसेल तरच कार्बोरेटर उघडा. बहुधा पायलट जेट (स्लोला पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी नळी) जुन्या पेट्रोलच्या डिंकाने तुंबलेला असतो. तो क्लीनरमध्ये भिजवा आणि हवा मारा. तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. पायलट स्क्रू (स्लोचं मिश्रण जुळवणारा) काढण्याआधी हलकेच आत टेकवून फेरे मोजून ठेवा, बसवताना तेवढेच ठेवा. स्लो शेवटचा जुळवाल तो इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आणि चोक ओढलेला नसताना.