३ लाखांची रोड बाईक (रस्त्यावर वेगात चालवायची सायकल) खरंच ४० हजारवालीपेक्षा एवढी भारी असते का, की नुसतं नाव?

काही अंशी असते, पण पैशाच्या हिशोबात नाही. गियर बनवणाऱ्या शिमानो कंपनीचंच बघा, त्यांचे गियर सेट स्वस्तापासून महागाकडे असे: क्लॅरिस ८ स्पीड (म्हणजे मागे ८ गियर), सोरा ९, टियाग्रा १०, आणि ‘१०५’ नावाच्या सेटपासून वर ड्युरा-एसपर्यंत सगळं आता १२ स्पीडच, म्हणजे १०५ च्या वर गेलात की पैसे जास्त करून वजनाचे नि फिनिशिंगचे जातात, गियर तेवढेच.

आता वजन. तुम्ही ७५ किलो, सायकल १०, मिळून ८५. दोन किलो हलकी घेतली तरी सिंहगडासारख्या चढाला तासात दीडेक मिनिट वाचेल, आणि सपाटीला तर जवळपास काहीच नाही, तिथे खरा शत्रू हवा, आणि ती सायकलपेक्षा तुमच्या अंगालाच जास्त अडते. (युसीआयच्या, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या रेसला ६.८ किलोच्या खाली सायकल चालतच नाही, ते वेगळं.)

पण म्हणून अगदीच स्वस्तातली पण नको हां. ७ स्पीड फ्रीव्हीलवाल्या हबला (म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या भागावर गियरचा गठ्ठा स्क्रूसारखा फिरवून बसवलेला असतो तिथे) बेअरिंग आतल्या बाजूला असतं त्यामुळे खड्ड्यांत मागचा अ‍ॅक्सल वाकायची भीती जास्त, फ्रीहब (फ्रीव्हीलची यंत्रणा हबमध्येच असलेला प्रकार) बघूनच घ्या, आणि ब्रेक पण नीट दाबून बघा.

माझं मत विचाराल तर सोरा किंवा टियाग्रावाली घ्या, उरलेल्यातून चांगले टायर टाका आणि बाईक फिट, म्हणजे सीट-हँडल आपल्या अंगाच्या मापाने बसवून घ्या. रेस मारायची असेल किंवा हौस असेल तर घ्या की महागडी, हौसेला मोल नाही.