हाँगकाँगचं सापाचं सूप

प्रश्न : डिसेंबरात मुलाकडे हाँगकाँगला जातोय. तिथे सापाचं सूप पितात म्हणे. घरात नागपंचमीची पूजा असते, त्यामुळे ऐकूनच शिसारी आली. ते विष पोटात जात नाही का? आणि नकळत आमच्यापुढे आलं तर?

उत्तर : शिसारी येणं अगदी स्वाभाविक आहे, पण तिथल्या आजीआजोबांसाठी हा थंडीत अंगात ऊब आणणारा पौष्टिक पदार्थ आहे, हेही ध्यानात घ्या. विषग्रंथी डोळ्यांमागे असतात, आणि डोकं आधीच काढून टाकतात. शिवाय विष प्रथिनांचं असल्यामुळे तासन्‌तास उकळून निकामी होतं. खरा धोका कच्च्या सापाचा. काही जण त्याचं पित्त दारूत मिसळून पितात. कच्च्या मांसातून आणि अशा पेयांतून पट्टकृमीच्या अळ्या शरीरात शिरू शकतात. त्या कातडीखाली, क्वचित मेंदूतही जातात.

नकळत पुढे येण्याची भीती नको, हे सूप बहुधा खास दुकानांतच मिळतं. ओळखायची खूण : दाटसर तपकिरी रस्सा, त्यात मांसाचे दोऱ्यासारखे धागे, कोंबडी, आळंबी, आल्याच्या काड्या, वर शेवंतीच्या पाकळ्या आणि लिंबाच्या पानांची बारीक कातरण. शंका आली तर ‘से?’ एवढंच विचारा, कँटोनीजमध्ये साप म्हणजे ‘से’.

येताना साप घातलेली दारूची बाटली मात्र आणू नका. आत नाग किंवा धामण असेल, तर परवान्याशिवाय ती कस्टममध्ये जप्त होईल.