शाळा निवडण्याआधी पठडी निवडा

एडिसन, न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "आम्ही बेने इस्रायल. माहेर अलिबागजवळचं, लग्न ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये झालं. लेक इथल्या सरकारी शाळेत आठवीत आहे. नववीपासून तिला ज्यू डे स्कूलमध्ये घालावं असं मला फार वाटतं. तिला हिब्रू वाचता येतं, पण अर्थ लागत नाही. हे म्हणतात, अर्धा दिवस धर्मशिक्षणात गेला तर इंजिनिअरिंगचं काय? फी ऐकून छातीत धस्स होतं. आणि खरी भीती म्हणजे, आम्ही भारतातून आलेले ज्यू. आम्हाला आपलं मानतील का?"

ताई, शालोम.

तुम्ही विचारलेलं सगळं एका गोष्टीपाशी येऊन थांबतं: शाळेचे नियम आणि तुमच्या घरचे नियम किती जुळतात. यादीत कोणती शाळा वर आहे, हे मी सगळ्यात शेवटी बघेन. शाळा आणि घर यांत अंतर पडलं की ते मुलालाच रोज कापावं लागतं. शनिवारी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गाडीने जाणारी मुलगी काटेकोर शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतची विश्रांती, त्यात गाडीत बसत नाहीत) पाळणाऱ्या वर्गात सोमवारी काय सांगणार? पंधराव्या वर्षी असं लपवत जगणं फार जड जातं.

तुमच्या राज्यात वेगवेगळ्या पठड्यांच्या, म्हणजे धर्माचे नियम कमी-जास्त काटेकोरपणे पाळणाऱ्या पंथांच्या, शाळा आहेत. पॅरामसची फ्रिश मॉडर्न ऑर्थोडॉक्स आहे, म्हणजे नियम काटेकोर पाळून आधुनिक शिक्षण देणारी. वेस्ट ऑरेंजची गोल्डा ओक अकॅडमी सॉलोमन शेक्टर शाळांच्या, म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह, परंपरेतली आहे. हा पंथ परंपरा जपतो, पण ऑर्थोडॉक्सांपेक्षा मोकळा आहे. याशिवाय कुठल्याही एका पंथाशी न बांधलेल्या सामुदायिक शाळाही असतात. प्रार्थना, पेहराव, मुलामुलींचे एकत्र किंवा वेगळे वर्ग, सहलीतलं जेवण, सगळं पठडीप्रमाणे बदलतं. तुम्ही घरी किती पाळता हे पत्रात लिहिलेलं नाही. मटण आणि दूध एकत्र न करणं, नारळाच्या दुधातलं कालवण, सणाला चिकाचा हलवा, शुक्रवारी संध्याकाळी दिवे, इतकंच असेल तर तेवढंच शाळेला मोकळेपणाने सांगा. प्रवेशाच्या मुलाखतीत घर आहे त्याहून सोवळं दाखवू नका.

आता तुमच्या भीतीविषयी. ती उगाच नाही. साठच्या दशकात इस्रायलमध्ये बेने इस्रायलांच्या लग्नांवर प्रश्नचिन्ह लावलं गेलं. लोकांनी आंदोलन केलं आणि १९६४ साली तिथल्या संसदेने तुम्ही सर्व अर्थांनी ज्यू आहात असं स्पष्ट केलं. आज तुमच्यापुढे उरतो तो कागदपत्रांचा भाग. ऑर्थोडॉक्स शाळा आईचं ज्यू असणं तपासतात, बऱ्याचदा आईवडिलांचा केतुबा, म्हणजे ज्यू लग्नाचा करारनामा, मागतात. अर्जात "लग्न लावणाऱ्या रब्बींचं नाव" असा रकाना आला तर गोंधळू नका. तुमच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नव्हते. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हजानच लग्नं लावत आले. तिथे हजानचं आणि सिनेगॉगचं नाव लिहा, सोबत चार ओळींचं टिपण जोडा. केतुबा ठाण्याला कपाटात असेल तर आजच भावाला फोन करून त्याची स्वच्छ प्रत मागवा. आईवडिलांच्या लग्नाचा मिळाला तर तोही.

आणि लेकीने स्वतःबद्दल निबंध लिहायचा असेल तेव्हा तिला मलिद्याबद्दल लिहू द्या. पोहे, खोबरं, फळं मांडून प्रेषित एलियाची, म्हणजे एलियाहू हन्नाबीची, आठवण काढणारं घर त्या वर्गात दुसरं बहुधा नसेल. मुंबईत १८४६ साली हिब्रूसोबत मराठी भाषांतर असलेला हग्गादा (वल्हांडण सणाला वाचायची पोथी) छापला गेला होता आणि त्या समाजातली ही मुलगी आहे. तिने मान खाली घालून नव्हे, हे घेऊन आत जावं.

हिब्रूचं खरं सांगते. तिथली बरीच मुलं बालवाडीपासून ते शिकत आलेली असतात, नववीत तनाख, म्हणजे हिब्रू बायबल, मूळ भाषेत वाचतात, काही शाळांत तालमुद हा धर्मनियमांच्या चर्चेचा ग्रंथही. पहिलं वर्ष तिला दमवणार. म्हणून शाळेला नेमकं विचारा: सरकारी शाळेतून नववीत आलेल्यांसाठी नवख्यांचा वेगळा वर्ग आहे का, आणि ती मुलं किती वर्षांत मुख्य वर्गात मिसळतात? उत्तर गुळमुळीत आलं तर ती शाळा तुमच्यासाठी नाही.

यजमानांना सांगा, गणित-विज्ञान कमी होत नाही, दिवस लांबतो. आठला सुरू झालेली शाळा साडेचार-पाचपर्यंत चालते. हिवाळ्यात शुक्रवारी मात्र शब्बाथमुळे लवकर सुटते. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने एवढंच तपासा की वरच्या वर्गांत एपी कॅल्क्युलस आणि एपी फिजिक्स (एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय) दोन्ही मिळतात का. लहान शाळांत एखादा विषय नसतो. शनिवारी परीक्षा न देणाऱ्यांसाठी सॅट ही कॉलेज-प्रवेशाची परीक्षा रविवारीही होते. ऑर्थोडॉक्स शाळांतल्या बऱ्याच मुली बारावीनंतर एक वर्ष इस्रायलला जातात. तसा आग्रह आपल्या घरात चालेल का, यावर आताच बोलून घ्या.

फी वर्षाला ३० हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून बरीच जास्त असते. पण आकडा बघून अर्जच न करणं चुकीचं. फी-सवलतीचा अर्ज वेगळा असतो, त्याला कर-विवरणपत्रं लागतात आणि तो प्रवेश-अर्जाबरोबरच टाकायचा असतो. निकालाची वाट बघत बसलात तर सवलतीचा निधी वाटून झालेला असतो. मागायला लाजू नका, तिथे कितीतरी कुटुंबं मागतात. शाळा २० मैलांच्या आत असेल तर बस किंवा तिच्याऐवजी प्रवासखर्चाची मदत मिळू शकते. एडिसनहून पॅरामस त्यात बसत नाही, वेस्ट ऑरेंजचं अंतर नीट मोजून घ्या.

शाळा बघण्याचे दिवस बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतात, अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, उत्तरं त्यानंतर दोनेक महिन्यांत. तुमच्या दोन पानी पत्रात लेकीला काय हवंय याबद्दल एक ओळ नाही. बहुतेक शाळा अर्जदार मुलाला एक दिवस वर्गात बसू देतात, तो दिवस दोन शाळांत मागून घ्या. संध्याकाळी गाडीत तिला आधी बोलू द्या, प्रयोगशाळेची चौकशी नंतर. ती नको म्हणाली किंवा सवलत पुरेशी मिळाली नाही, तर एडिसनची शाळा चालू ठेवून सिनेगॉगचे हिब्रूचे वर्ग आणि उन्हाळ्यातलं ज्यू शिबिर हा पर्याय आहे, आणि तोही मनापासून घ्यावा असाच आहे.