भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणतो ‘मोजमाप पक्षपात करत नाही’, समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणते ‘मोजणारा माणूसच असतो’, बरोबर कोण?

दोघेही बरोबर आहेत, कारण विज्ञानातील वस्तुनिष्ठता एकट्या संशोधकाच्या मनापेक्षा इतरांनी केलेल्या पडताळणीवर अधिक अवलंबून असते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांनी इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजताना १९१३ च्या शोधनिबंधात ५८ तेलथेंबांची मोजमापे दिली आणि त्या काळात तपासलेले सर्व थेंब हेच, असे लिहिले. त्यांच्या वह्यांत मात्र त्याहून बरेच अधिक थेंब नोंदलेले आहेत, आणि काहींपुढे चक्क पसंतीचे शेरेही. तरीही त्यांच्या उत्तरातील किंचित चूक, जी मुख्यतः हवेच्या श्यानतेच्या (वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधाच्या) सदोष मूल्यामुळे आली होती, पुढे इतरांच्याच मोजमापांनी दुरुस्त झाली. अर्थात, जिथे प्रयोग पुन्हा करणे फार महाग किंवा अशक्य असते, तिथे ही दुरुस्ती रेंगाळते आणि समाजशास्त्राच्या आक्षेपाला अधिक वजन द्यावे लागते.